कुंपण गावच्याच कारागिराकडून घाला, पण आधी चिठ्ठी लिहा!

कुंपणानेच शेत खाल्ले, ही म्हण आपण सारेच बोलण्यात वापरतो. हरसूलमध्ये आम्ही आमच्या घराभोवती जाळीचे कुंपण घातले, त्या वर्षी ही म्हण आम्हांला वारंवार आठवत होती. आमच्याकडे शेत नव्हते, त्यामुळे ते खाल्ले जाण्याचा प्रश्न नव्हता. मात्र एका कुंपणापायी एका चांगल्या कारागिराशी असलेली ओळख आणि एका शेजाऱ्याशी असलेला घरोबा, दोन्ही हातचे जाता जाता राहिले. दोष कोणाचा, याचा विचार आम्ही नंतर बरेच दिवस केला. त्यातून जे उमगले ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख. घर बांधणारा आणि घराचे काम करणारा, असे दोघेही हे पान वाचतात. आमचे म्हणणे दोघांनाही उद्देशून आहे.

हरसूल हे नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे बाजाराचे गाव. भोवतालच्या पाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाची वस्ती. जुन्या काळी या भागात कुंपण ही विकत घेण्याची वस्तू नव्हती. कारवीच्या काड्या आणि बांबू आणायचे, कूड विणायचा, कुठे निवडुंग लावायचा, मोडले तर घरच्याच माणसांनी सांधायचे. अमेरिकेत जोसेफ ग्लिडन यांना १८७४ साली काटेरी तारेचे पेटंट मिळाले, आणि पुढे ही तार जगभर गेली. तिच्यामागून विणलेली जाळी, लोखंडी अँगल आणि सिमेंटचे खांब आले. तेव्हापासून कुंपण हे विकतचे काम झाले. कारवीची पारख घरातल्या म्हाताऱ्या बाईलाही होती. तारेची पारख मात्र कारागिराला असते, घरधन्याला नसते. जिथे एकाला माहीत आणि दुसऱ्याला माहीत नाही, तिथे विश्वासाचा प्रश्न उभा राहतो.

आमचे काय चुकले?

आमचा प्लॉट ४० फूट बाय ६० फुटांचा. वेल्डिंगचे दुकान चालवणारा गावातलाच एक कारागीर आमच्या रोजच्या सलाम-दुआतला. चहाच्या टपरीवर बोलणे झाले. "किती घेणार?" असे आम्ही विचारले. "चाचा, तुमच्याकडून काय जास्त घेणार? बाजारात जो रेट असेल त्याहून कमीच लावतो," असे तो म्हणाला. आम्ही त्यातही घासाघीस केली. तो हो म्हणाला, आम्ही खिशातून उचल काढून दिली आणि सौदा झाला. कागद कोणी मागितला नाही आणि कोणी दिला नाही. आपल्याच माणसाकडे कागद मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे आम्हांला वाटत होते. त्यालाही बहुधा तसेच वाटत असावे.

काम सुरू झाले. पहिल्याच दिवशी मागच्या बाजूची दोरी धरताना त्याने विचारले, "हद्द कुठून?" आम्ही हात करून दाखवले, इथून. खड्डे झाले, खांब उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या घरातले म्हातारे बाबा येऊन उभे राहिले. त्यांच्या घरच्या बायका हापशावर पाण्याला जातात ती पायवाट आमच्या खांबांनी अडली होती. बाबा भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "शेठ, आम्ही जायचं कुठून?"

पुढे मोजणी झाली. मागच्या बाजूने आम्ही दोन फूट बाहेर गेलो होतो. तीन खांब उपटून मागे घ्यावे लागले. त्याचा खर्च कोणी सोसायचा? आम्ही म्हणालो, काम करणाऱ्याने आधी खात्री करून घ्यायला हवी होती. तो म्हणाला, "दोरीचं दुसरं टोक तुमच्याच हातात होतं." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, तरी आम्ही खर्चाचे पैसे दिले नाहीत.

मग पावसाळा आला. या पट्ट्यातला पाऊस कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. श्रावण सरेपर्यंत कोपऱ्याचा एक खांब आत झुकला आणि जाळीला झोळ आला. बोलावले तर कारागीर म्हणाला, "टेक्याचे पैसे बोललोच नव्हतो. तुम्ही रेट पाडलात, मी टेके कमी केले." आम्ही शेवटची रक्कम अडकवून ठेवली. त्याने येणे बंद केले. वर्षभर आम्ही एकमेकांना लांबूनच सलाम करीत होतो. शेवटी गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने दोघांना समोरासमोर बसवले आणि शाळेच्या वहीचे पान फाडून त्यावर सारे लिहून काढले : काय ठरले होते, काय झाले, काय राहिले, कोणी किती द्यायचे. खांब हलवण्याचा खर्च आमच्या नावावर पडला, टेक्यांची मजुरी त्याच्या नावावर. दोघांनी सह्या केल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याने एका दिवसात काम नीट करून दिले आणि आम्ही त्याच दिवशी पैसे चुकते केले.

जे पान वर्षभरानंतर लिहिले, ते पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर लिहिता आले असते. आमचे सांगणे थोडक्यात एवढेच आहे.

नाशिकचा ठेकेदार का नको?

असा अनुभव आला की पुष्कळ लोक म्हणतात, गावातल्या माणसाला काम देऊच नये. नाशिकहून ठेकेदार आणावा, पैसे टाकावे आणि मोकळे व्हावे. आम्हांला हे पटत नाही. कुंपण हे एकदा करून विसरण्याचे काम नाही. गाय अंग घासते, टेम्पो मागे घेताना खांबाला लागतो, फाटकाची बिजागरी खाली बसते. अशा तासाभराच्या कामासाठी शहरातला ठेकेदार गाडी काढून येत नाही. गावचा वेल्डर संध्याकाळी दुकान बंद करून जाता जाता येतो. शिवाय त्याला इथल्या मुरमाची, वाऱ्याची आणि पावसाची ओळख असते. गावातला पैसा गावात फिरतो हा फायदा वेगळाच. त्याच्या दुकानात शिकणारा पोरगा उद्या स्वतःचे दुकान टाकतो.

मात्र गावचा म्हणून काम द्यावे आणि गावचा म्हणून कागद टाळावा, ही दोन्ही टोके एकत्र चालत नाहीत. तसेच केवळ आपल्या जमातीचा म्हणून काम देणे आणि मग त्याच नात्याच्या जोरावर दर पाडणे, हेही बरे नाही. काम हुन्नर पाहून द्यावे. कारागीर कोणत्या समाजाचा आहे यावरून खांबाचा ओळंबा ठरत नाही. पूर्वी केलेली दोन कामे दाखव म्हणावे, आणि ती किमान एक पावसाळा पाहिलेली असावीत. नवे कुंपण सगळ्यांचेच सरळ दिसते.

गेजचा आकडा आणि दुकानातला काटा

आता मालाकडे वळू. जाळीचा भाव चौरस फुटाने सांगितला जातो आणि गिऱ्हाईक तोच धरून बसते. खरी गोष्ट तारेच्या जाडीत असते. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. हे उलटे गणित पुष्कळांना ठाऊक नसते. ८ गेजची तार सुमारे ४ मिलिमीटर जाड, १० गेजची ३.२५, १२ गेजची २.६४ आणि १४ गेजची सुमारे २ मिलिमीटर. १२ गेज ऐकून ती १० पेक्षा मजबूत असेल असे समजणारा माणूस बारीक तार घेऊन समाधानाने घरी जातो.

फरक किती पडतो ते पाहा. ४० बाय ६० च्या प्लॉटचा घेर २०० फूट. दहा फुटांचे फाटक सोडले तर १९० फूट कुंपण. पाच फूट उंचीची जाळी धरली तर ९५० चौरस फूट होते. दोन इंची चौकटीची जाळी १० गेजमध्ये घेतली तर, वळणांतली तार सोडून, तिच्यात सुमारे २३० किलो तार लागते. तीच जाळी १२ गेजमध्ये सुमारे १५० किलोत होते. म्हणजे जवळजवळ ८० किलो लोखंडाचा फरक, आणि दुरून पाहिले तर दोन्ही जाळ्या सारख्याच दिसतात. १२ गेजची जाळी घालणे हा काही गुन्हा नव्हे. घरगुती कुंपणाला ती पुष्कळदा पुरते. १० चे पैसे घेऊन १२ लावणे, हा गुन्हा. मापात मारणाऱ्यांची गोष्ट आपल्याला नवी नाही. कुरआनात एक सूरह, मुतफ्फिफीन, त्यांच्याच नावाने आहे. तागडीत बोट घालणारा जसा मापात मारतो, तसाच गेजमध्ये फसवणाराही मारतो.

खांबाचेही तसेच. ४० बाय ४० मिलिमीटर, ५ मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला ३ किलो भरतो. म्हणजे सात फुटांचा एक खांब सुमारे ६ किलो ४०० ग्रॅम व्हायला हवा. ३५ बाय ३५ चा, त्याच जाडीचा अँगल मीटरला सुमारे २ किलो ६०० ग्रॅमच भरतो. आपण व्यापारी माणसे, काटा आपल्या दुकानातच असतो. एक खांब काट्यावर टाकून पाहायला पाच मिनिटे लागतात आणि त्यात कारागिराचा अपमान होत नाही. प्रामाणिक कारागीर तर स्वतःच तो काट्यावर टाकून दाखवील. जाळी आणि काटेरी तार घेताना भारतीय मानक चिन्ह पाहावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीसाठी आयएस २७२१ आणि काटेरी तारेसाठी आयएस २७८ ही मानके आहेत.

जस्ताचा मुलामा म्हणजे या पावसाळी भागात कुंपणाचे आयुष्य. जिथे वेल्डिंग होते तिथे हा मुलामा जळतो आणि गंज पहिला तिथेच धरतो. म्हणून वेल्डिंगच्या प्रत्येक जागी घासून जस्तयुक्त प्रायमर लावून घ्यावा. साध्या लोखंडाच्या अँगलला खड्ड्यात उभा करण्याआधीच रेड ऑक्साइड आणि वर रंग द्यावा. जमिनीलगतचा भाग नंतर नीट रंगवता येत नाही.

खड्डा, खडी आणि पाणी

कुंपणाचे खरे काम जमिनीखाली असते आणि ते नंतर कोणालाच दिसत नाही. आठ-आठ फुटांवर खांब धरले तर आमच्या १९० फुटांना २५ खांब लागतात. पाच फूट उंचीच्या जाळीला सात फुटांचा खांब, म्हणजे दोन फूट जमिनीत. शिवाय टेके. जाळी ताणली की सारा ओढा कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांवर येतो. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला दोन आणि फाटकाच्या प्रत्येक खांबाला एक तिरकस टेका हवा. चार कोपऱ्यांचे आठ आणि फाटकाचे दोन, असे दहा. आमच्या कुंपणाला चारच होते. झोळ आला तो उगाच नाही.

एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा म्हणजे दोन घनफूट. सिमेंट, वाळू, खडी यांचे प्रमाण एकास दोन, दोनास चार धरले, तर पन्नास किलोच्या एका गोणीत साधारण तीन खड्ड्यांच्या आतच काँक्रीट होते. २५ खांबांना सुमारे ९ गोण्या. ठेकेदार चार गोण्यांत काम उरकतो म्हणाला, तर खड्डे उथळ आहेत किंवा आत नुसते दगड-माती जाते आहे, असे समजावे. खांबाचे काँक्रीट झाल्यावर निदान सात दिवस पाणी मारावे आणि मगच जाळी ताणावी. घाईने दुसऱ्याच दिवशी जाळी ओढली तर खांब हलतो आणि आयुष्यभर हललेलाच राहतो.

इथे एक स्थानिक अडचण आहे. आपल्या भागात पाऊस धो-धो पडतो, पण उन्हाळ्यात पाण्याचे हाल असतात. एप्रिल-मेमध्ये काँक्रीटला पाणी कोठून मारणार? मुरूमही तेव्हा पहारीला दाद देत नाही. दुसरीकडे पेठ, हरसूल, सुरगाण्याकडची माणसे हंगामात द्राक्षबागांच्या कामाला नाशिककडे जातात, गिरणाऱ्याच्या नाक्यावर उभी राहतात. तेव्हा खड्डे खोदायला हात मिळत नाहीत. म्हणून भात-नागलीची कापणी उरकली की लगेच काम काढावे असे आम्हांला वाटते. जमीन ओलसर असते, पाणी असते आणि माणूसही गावात असतो. त्यालाही दूर जाण्याआधी गावातच चार दिवसांची मजुरी मिळते.

आधी हद्द, मग खड्डा

आमची सर्वांत मोठी चूक जाळीची नव्हती, हद्दीची होती. कुंपण हा जमिनीवर लिहिलेला दावा असतो. तो खोटा निघाला तर जाळी कितीही जाड असून उपयोग नाही. म्हणून आधी कागद पाहावेत : सातबारा उतारा किंवा गावठाणातील जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून हद्द कायम करून घ्यावी. शेजाऱ्याला मोजणीच्या दिवशी बोलवावे, खुणा त्याच्या देखत रोवाव्यात. ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५३ व्या कलमाने सार्वजनिक रस्त्यावरचे आणि मोकळ्या जागेवरचे अतिक्रमण पंचायत काढू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

हरसूलसारख्या ठिकाणी ही गोष्ट आणखी नाजूक आहे. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ नये, यासाठी जमीन महसूल संहितेत ३६-अ हे कलम आहे. त्यामागे जमिनी हातच्या गेल्याचा जुना, कडू अनुभव आहे. अशा गावात व्यापाऱ्याचे कुंपण दोन फूट पुढे सरकले तर शेजारी ते नुसते दोन फूट म्हणून पाहत नाही. जुलै २०१५ मध्ये हरसूलमध्ये हिंसाचार झाला, दुकाने आणि घरे जळाली. त्याचा कुंपणाशी संबंध नव्हता आणि तो प्रसंग इथे उगाळण्याचा आमचा हेतूही नाही. पण त्यानंतर या बाजारपेठेत जो व्यापार पुन्हा उभा राहिला, तो शेजाऱ्यांच्या येण्याजाण्यावरच उभा आहे, हे कोणी विसरू नये. पायवाट कागदावर नसली तरी वर्षानुवर्षे वापरात असते. फाटक कुठे ठेवायचे, वाट कशी सोडायची, हे शेजाऱ्याला विचारून ठरवावे. आमच्या मागच्या बाजूची वाट आता मोकळी आहे आणि बाबांच्या घरचे लोक आमच्याच दुकानी किराणा भरतात.

चिठ्ठीत काय असावे?

मोठा करारनामा नको, वकील नको. तोंडी करारही कायद्याने करार असू शकतो. अडचण तो सिद्ध करण्याची असते. वहीचे एक पान पुरते. त्यावर दोघांची नावे, तारीख आणि पुढील गोष्टी असाव्यात :

१) कुंपणाची लांबी रनिंग फुटांत, उंची, फाटकाचे माप आणि हद्द कोणी दाखवली ते.
२) जाळीचा गेज आणि चौकट, खांबाचे माप, जाडी, लांबी आणि संख्या, टेक्यांची संख्या.
३) खड्ड्याचे माप, काँक्रीटचे प्रमाण, पाणी कोणी मारायचे.
४) खड्ड्यात खडक लागला तर जादा मजुरी किती. आपल्याकडे फूटभर खाली कातळ लागणे नवे नाही, आणि निम्मी भांडणे तिथूनच सुरू होतात.
५) माल कोणाचा, मजुरी किती, एकूण रक्कम किती आणि कोणत्या टप्प्यावर किती द्यायची.
६) काम सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख.
७) पहिल्या पावसाळ्यात खांब झुकला किंवा जाळी सैल झाली तर दुरुस्तीची मजुरी कोणाची.

खाली दोघांच्या सह्या, एक साक्षीदार, आणि प्रत्येकाकडे एक प्रत. ज्याला लिहिता येत नाही त्याला वाचून दाखवून अंगठा घ्यावा. आजकाल प्रत्येकाकडे मोबाइल आहे. पानाचा फोटो काढून ठेवला की प्रत हरवण्याचा प्रश्नही मिटतो.

कागद मागणे म्हणजे अविश्वास, असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही एवढेच आठवण करून देतो की, कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याविषयी आणि साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. उचल घेऊन पुढे काम करून देणे हाही मुदतीचाच व्यवहार आहे. मग आपल्याच व्यवहारात कागदाची लाज का वाटावी?

पैसे कधी, किती?

छोट्या कारागिराकडे स्वतःचे भांडवल नसते. त्याला म्हणावे, माल तू भर, पैसे शेवटी देतो, तर तो उधारीवर हलका माल आणणार किंवा आपल्या उचलीतून मागच्या गिऱ्हाइकाचे काम पुरे करणार. आमच्या मते सर्वांत सरळ मार्ग हा : माल कारागिराला सोबत घेऊन आपणच दुकानातून आपल्या नावाच्या बिलावर घ्यावा आणि कारागिराशी फक्त मजुरीचा ठराव करावा. मजुरीचा एक भाग खड्डे-खांब झाल्यावर, दुसरा जाळी ताणल्यावर, उरलेला फाटक बसून काम पाहिल्यावर त्याच दिवशी. पाहणी त्याच्या समोर करावी : ओळंबा लावावा, खांब हाताने हलवून पाहावा, जाळी छातीने दाबून पाहावी. खोट असेल तर तिथेच सांगावी. खोट नसेल तर पैसे अडकवून ठेवू नयेत. "पुढच्या आठवड्यात ये" हे वाक्य आपल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी फार आहे. मजुराचा मोबदला रेंगाळू न देण्याची शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो, आणि शनिवारी दुकानात विसरतो.

काही जण दहा टक्के रक्कम पावसाळाभर राखून ठेवायला सांगतात. मोठ्या ठेकेदाराच्या बाबतीत ते ठीक. रोज कमावून रोज खाणाऱ्या कारागिराला चार महिने तंगवणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. त्याऐवजी चिठ्ठीतले सातवे कलम पुरेसे आहे. आणि एक गोष्ट घरधन्याने स्वतः पाहावी. खड्डे खोदणाऱ्या मजुरांची मजुरी ठेकेदाराने दिली की नाही, हे शेवटचा हप्ता देण्याआधी त्या मजुरांनाच विचारावे.

कारागीर बांधवांना दोन शब्द

गिऱ्हाईक चिठ्ठी मागेल याची वाट पाहू नका, तुम्हीच ती पुढे करा. दर पाडला जात असेल तर टेके गुपचूप कमी करू नका. तोंडावर सांगा की, या पैशात १२ गेज येईल, १० गेजला एवढे लागतील, यातले कोणते करू? गिऱ्हाईक रागावले तरी काम निघून जात नाही; फसवले गेल्यावर मात्र ते पाच ठिकाणी सांगते. लेखी अंदाजपत्रक देणाऱ्या कारागिराला शाळेचे, दवाखान्याचे, पंचायतीचे कामही मागता येते. तोंडी बोलणाऱ्याला ते मिळत नाही, आणि मग शहरातला ठेकेदार येऊन तुम्हांलाच रोजंदारीवर ठेवतो. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते, ती करून घ्या. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत लोहार आणि गवंडीही आहेत. पात्र ठरल्यास पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख आणि पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज मिळण्याची त्यात सोय आहे. बँकेपुढे उभे राहायचे तर कामाचे कागद हवेतच.

आणि वाद झालाच तर? घरगुती कामासाठी पैसे देऊन सेवा घेणारा हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक ठरतो. तो जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. पण नाशिकच्या फेऱ्या, दिवसाचा रोज आणि मनातली अढी यांचा हिशेब केला, तर गावात बसून मिटलेला वाद केव्हाही स्वस्त. तो मिटवायलाही वडीलधाऱ्यांपुढे ठेवायला काही लिहिलेले असावे लागते.

आमचे कुंपण आज सरळ उभे आहे. गेल्या वर्षी त्याच कारागिराने फाटकाची बिजागरी बदलून दिली. काम सुरू करण्याआधी त्याने खिशातून वहीचे पान काढले आणि लिहिले : बिजागऱ्या दोन, मजुरी इतकी, तारीख अमुक. मग पेन आमच्या हातात दिले. आम्ही सही केली आणि चहा मागवला. बांधवांनो, पुढचे काम काढाल तेव्हा तुम्हीही हे करून पाहा, आणि चहाच्या आधीच करा.